शिशाचं भांडं परत सैपाकघरात नेऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळं जरा लांबलं तर सांभाळून घ्या पण शक्यतो कापू नका, कारण मधलाच एखादा मुद्दा गेला तर त्यावरनंच कुणाचा तरी हात भाजायचा.

झालं असं की गेल्या आठवड्यात शेजारच्या घरात काहीतरी मागायला गेलो तर सैपाकघरात गॅसवर जर्मनचं पातेलं, त्यात शिसं वितळतंय, आणि शेजाऱ्यांचा पोरगा स्टीलच्या पळीनं ते ढवळतोय. पाऊस ओसरला की नदीवर पाग टाकायला जाणारी बरीच पोरं आमच्याकडं आहेत, जाळ्याच्या काठाला बांधायची शिशाची वजनं विकत घेण्यापेक्षा घरीच ओतायची म्हणून हा उद्योग. शिसं कुठलं तर जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं, कोयत्यानं फोडलेली. खिडकी बंद, का तर वाऱ्यानं गॅस विझतो. आणि खाली फरशीवर त्याच्या बहिणीची दोन वर्षांची पोरगी रांगत चमचा वाजवत बसलेली. मी आधी पोरीला उचललं आणि मग गॅस बंद केला. पोरगा म्हणला काका होतच आलंय, पाच मिनिटं. त्याची आई म्हणजे आमच्या वहिनी म्हणल्या अहो काही नाही होत, भांडं मी नंतर राखेनं लख्ख घासून घेते, दुधाचं पातेलं आहे ते.

ते वाक्य ऐकलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

माझं मूळ गाव खानापूर तालुक्यात, विट्याकडं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात भारतभर पांगलेली आहेत हे सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. मीपण सतराव्या वर्षी मामांबरोबर दक्षिणेत गेलो आणि बावीस वर्षं मूस आणि भट्टीसमोर काढली. चांदी शुद्ध करायच्या जुन्या पद्धतीत शिसं लागतंच, ते चांदीतला मळ ओढून घेतं. त्यामुळं शिसं काय चीज आहे हे मला पुस्तकातनं नाही, हातानं माहीत आहे. आता पोरगं किर्लोस्करवाडीला कामाला आहे, मी घरी असतो, आणि आसपासच्या भोई मंडळींना, गळ टाकणाऱ्यांना शिशाची वजनं ओतून देतो. म्हणजे शिसं वितळवू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः वितळवतो. कशात वितळवता आणि त्या भांड्याचं पुढं काय करता, एवढ्याचसाठी हे लिहितोय.

शिसं ३२७ अंशाला वितळतं. धातूंच्या मानानं हे फारच कमी, म्हणून तर पूर्वी बंदुकीची गोळी शिशाची असायची, साधी लाकडाची चूल आणि एक पळी असली की गडावर बसून सुद्धा साच्यात गोळ्या ओतता यायच्या. पण हे सोपं असणंच घात करतं, कारण सोपं आहे म्हटल्यावर माणूस हाताला येईल ते भांडं घेतो.

आता जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं का नको ते सांगतो. पोरं गूगल करून मला सांगतात काका ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं मग ३२७ ला काय होतंय. बरोबर आहे, वितळणार नाही. पण वितळायच्या बरंच आधी ते मऊ पडतं, आणि गॅसची आच बुडाला जिथं लागते तिथं किती अंश झालेत हे कुणी मोजलेलं नसतं. त्यात शिशाचं वजन बघा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एक लिटर शिसं म्हणजे अकरा किलोच्या वर. दुधाचं दोन लिटरचं पातेलं अर्धं भरलं की अकरा किलोचा लाल नसलेला निखारा झाला तो, आणि हे वजन पेलतंय कोण तर वापरून वापरून कागदासारखं पातळ झालेलं बूड आणि रिबेट मारलेले दोन कान. लाल नसलेला म्हणतोय ते मुद्दाम, शिसं वितळलं तरी लाल दिसत नाही, चकचकीत चांदीच्या पाण्यासारखं दिसतं, त्यामुळं माणसाला त्याची भीतीच वाटत नाही.

जस्ती डबा किंवा जस्ती बादली कापून केलेलं भांडं तर अजिबात नको. जस्त त्यात उतरतं आणि धूर होतो तो वेगळा. तांब्या-पितळेचं कल्हई केलेलं पण नको, कल्हईचं कथील २३२ अंशालाच सुटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डाग दिलेलं भांडं. भांडीवाल्याकडनं डाग देऊन आणलेलं जुनं पातेलं लोक म्हणतात टाकाऊच आहे तर शिशाला वापरू. अहो तो डाग म्हणजे शिसं-कथिलाचाच, तो १८३ अंशाला वितळायला लागतो! म्हणजे आतलं शिसं वितळायच्या आधी भांड्याचा सांधा उघडणार, आणि वितळलेलं सगळं खाली पायावर.

मग घ्यायचं काय, तर बिडाची जाड कढई नाहीतर जाड पत्र्याचं लोखंडी भांडं, एका तुकड्यातलं, बूड सपाट आणि रुंद म्हणजे डगमगणार नाही. या आचेला लोखंड शिशात विरघळत नाही, म्हणून लोखंडच. बाजारात बीड घेताना बोटानं किंवा लाकडाच्या काडीनं टिचकी मारून बघा, चांगलं असेल तर ठण्ण वाजतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो, माठ घेताना आपण बघतो तसंच. माझी कढई अशी मी विट्याच्या बाजारातनं घेतली, चार बाजूला ठेवल्या आणि पाचवी घेतली, दुकानदार वैतागला होता पण आज पंधरा वर्षं झाली. जाड स्टेनलेसचं पण चालतं, पण पातळ स्टीलचं बूड तापून फुगतं आणि भांडं शेगडीवर गोल फिरायला लागतं. भांडं फार मोठं घेऊ नका. पाच किलो शिसं म्हणजे अर्धा लिटरसुद्धा होत नाही, एका बसणीला तेवढं रगड झालं, आणि भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही.

आता पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघतात अमेरिकेतले. तिकडं लोक आपल्या बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात, त्यासाठी विजेवरची खास भांडी मिळतात, दहा पौंडाची म्हणजे साडेचार किलोची, वीस पौंडाची म्हणजे नऊ किलोची, थर्मोस्टॅटवाली. काहीत पळीनं काढायचं आणि काहीत बुडाला तोटी असते, दांडी उचलली की शिसं खालनं साच्यात पडतं. दिसायला फार भारी आहे. आपल्याकडं काडतूस-गोळी बनवायची तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली परवाना लागतो, तेव्हा त्या वाटेला कुणी जायचंच नाही, पण वजनं ओतायला म्हणून ते भांडं मागवायचं का असं मला दोघांनी विचारलं. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे तिकडची लाईट १२० व्होल्टची, आपली २३०. तिकडचं भांडं तसंच आपल्या प्लगात लावलं तर ते जवळजवळ चौपट वीज ओढणार आणि कॉईल जळणार नाहीतर भांडंच पेटणार. आणि दुसरं, ती बुडाची तोटी मळीनं तुंबते, दांडीच्या टोकाला कचरा बसला की थेंब थेंब गळत राहते, भंगारातलं घाण शिसं घालणाऱ्याला ती कधीच चालायची नाही. तिकडचे जाणकार लोक आधी वेगळ्या साध्या भांड्यात भंगार वितळवून, साफ करून विटा पाडून ठेवतात, आणि तोटीच्या भांड्यात फक्त त्या साफ विटा घालतात. ही गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. भंगार साफ करायचं भांडं वेगळं आणि ओतायचं वेगळं.

भंगारावरनं आठवलं, बॅटरी फोडूच नका. बॅटरीच्या प्लेटीत धातू कमी आणि भुकटी जास्त असते, शिशाच्या ऑक्साईडची आणि सल्फेटची, वर तेजाब. ढीगभर प्लेटी घालून हाताला मूठभर शिसं येतं आणि बाकी सगळा विषारी राखेचा ढीग. शिवाय त्या प्लेटीत अँटिमनी, कॅल्शियम, कधी सोमल म्हणजे आर्सेनिकसुद्धा मिसळलेला असतो, आणि तसल्या मळीला नंतर पाणी लागलं तर त्यातनं निघणारा वायू माणूस मारू शकतो. जुनी बॅटरी द्यायची ती दुकानदाराला परत, २०२२ च्या बॅटरीच्या नियमांत ती परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे वळते होतातच की. टायरवाल्याकडची चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं पण बघून घ्या, आता त्यात जस्ताची आणि लोखंडाची बरीच येतात. जस्त ४१९ अंशाला वितळतं, म्हणून आच बारीक ठेवली तर जस्ताचे तुकडे वितळत नाहीत, वर तरंगतात, झाऱ्यानं काढून टाकता येतात. आच चढवली आणि जस्त एकदा आत मिसळलं की सगळ्या शिशाचं खिमट होतं, साच्यात धड भरतच नाही.

आता पाण्याचं. यासाठी २०१९ चा पूर आठवावा लागेल. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या ऑगस्टमध्ये, आमच्या घरातपण छातीएवढं होतं. पाणी उतरल्यावर महिना-दीड महिना साफसफाईतच गेला. मग जाळी वाहून गेलेल्यांनी नवीन जाळी विणली आणि वजनं मागायला आले. माझ्या शिशाच्या जुन्या विटा पत्र्याच्या शेडात गाळात रुतलेल्या होत्या, त्या काढल्या, धुतल्या, चार दिवस उन्हात टाकल्या, हाताला खडखडीत कोरड्या लागत होत्या. कढईत शिसं वितळून तयार होतं त्यात मी वरनं एक वीट सोडली.

त्या विटेत ओतताना राहिलेली एक पोकळी होती, बोटाच्या पेराएवढी, तिच्यात गाळ भरून वरनं वाळलेला आणि आत ओल तशीच. वीट बुडाली, एक क्षण काहीच नाही, आणि मग फट्ट असा आवाज झाला, फटाक्यासारखा नाही, जाड, पोत्यावर काठी मारल्यासारखा, आणि कढईतलं निम्मं शिसं वर उडालं. शेडाच्या पत्र्याला खालनं चिकटलेले थेंब आजपण तसेच आहेत, चांदीच्या टिकल्या लावल्यासारखे. मी चष्मा घातलेला म्हणून डोळे वाचले. डाव्या मनगटावर आणि मानेला भाजलं, त्याचे डाग आहेत. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटीहून जास्त जागा मागते, आणि वर पडलेला थेंब नुसता चर्र करून उडून जातो पण शिशाच्या पोटात गेलेला थेंब बाहेर पडताना सगळं घेऊन येतो. भट्टीसमोर बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडनं हे झालं, हे लिहायला लाज वाटत नाही, कारण कळलं पाहिजे.

तेव्हापासनं वितळलेल्या शिशात थंड वीट मी कधी टाकत नाही. वीट आधी कढईच्या काठावर किंवा शेगडीशेजारी पाऊण तास तापवायची, पळीसुद्धा, झारासुद्धा, साचा पण. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला फडकं. पावसाळ्यात ओतायचंच नाही, कितीही गिऱ्हाईक आलं तरी.

कढईची निगा तशी फार नाही पण नेमानं करावी लागते. शिसं वितळलं की वर साय धरते, आधी राखाडी, आच जास्त झाली की पिवळी, जांभळट. ती पिवळी साय म्हणजे वैदूंच्या पेटीतलं मुरदाडशिंग, आणि तेच आणखी भाजलं की शेंदूर. साय पिवळी पडायला लागली म्हणजे आच कमी करा, हे कढईच तुम्हाला सांगत असते. मी आता तीनशे-चारशे अंश दाखवणारं काट्याचं थर्मामीटर वापरतो, आधी वाळलेली काडी बुडवून बघायचो, काळी पडली पण पेटली नाही म्हणजे बरोबर. मग मेणबत्तीचा नखाएवढा तुकडा टाकायचा, धूर सुटतो त्याला लगेच काडी लावायची म्हणजे धूर जळून जातो, आणि कोरड्या लाकडानं बूड आणि कडा खरवडत ढवळायचं. अशानं सायीतला चांगला धातू परत खाली जातो आणि वर नुसती काळी भुकटी राहते. ती भुकटी सगळ्यात वाईट. ती झाऱ्यानं अलगद काढून झाकणाच्या डब्यात, डब्यावर विष असं लिहून. उकिरड्यावर नाही, परसात नाही, कोंबड्या टिपतात तिथं तर नाहीच.

काम झालं की कढई पूर्ण रिकामी करत नाही, बोटभर शिसं तळाला राहू देतो, पुढच्या वेळी आच नीट धरते आणि आतनं गंज लागत नाही. फक्त परत तापवताना एकदम आच मोठी करायची नाही, कारण खालचं आधी वितळून फुगतं आणि वरचं अजून घट्ट झाकणासारखं बसलेलं असतं, मग खालचं कडेनं पिचकारीसारखं निघतं. दमानं तापवा. कढई कोरड्या ब्रशनं घासू नका, धूळ उडते ती पोटात जाते. ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण गार झाल्यावर, आणि ते फडकं पण त्याच डब्यात. वर ताडपत्री नाही तर उलटं घमेलं झाकून ठेवा म्हणजे शेडातली ओल, पाल, काही आत जायला नको.

लोकांना वाटतं शिशाचा धूर वाईट. आच बेताची असेल तर धुरापेक्षा धूळच जास्त नडते, आणि ती जाते हातातनं. आमच्याकडं तर काम करता करता तंबाखू मळायची सवय! शिशाचे हात, त्यावर चुना आणि तंबाखू, अंगठ्यानं चांगली मळून ओठात. दिवसातनं दहा वेळा. आमच्या गाळणीत एक जण होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादाच म्हणायचो. त्याच्या पोटात असा पिळा यायचा की तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचा, डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून दोन वर्षं गोळ्या दिल्या. मग उजवा पंजा मनगटातनं खाली लोंबायला लागला, पेला उचलेना. तेव्हा कुणीतरी रक्तातलं शिसं तपासलं. त्या दिवसापासनं मी तंबाखू सोडली ती आजतागायत.

आणि मोठ्या माणसाचं हे, तर लहान पोरांचं काय. रक्तात शिशाचं सुरक्षित असं प्रमाण काही नाहीच असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात आहे की जगातल्या दर तीन पोरांत एकाच्या, म्हणजे जवळपास ८० कोटी पोरांच्या रक्तात शिसं काळजी करण्याएवढं आहे, आणि घरगुती पद्धतीनं बॅटऱ्या फोडणं-वितळवणं हे त्यातलं एक मोठं कारण. शिसं पोरांच्या मेंदूवर जातं आणि गेलेलं परत येत नाही. सरकारनं २००० साली पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद केलं, पुढं घरच्या रंगातल्या शिशावरपण मर्यादा आणली, आणि आपण मात्र दुधाच्या पातेल्यात ते घरात आणतोय.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. कृष्णाकाठच्या मच्छीमार सोसायट्यांनी गावाबाहेर एक उघडी शेड आणि एक बिडाची चांगली कढई ठेवावी, ज्याला वजनं ओतायचीत त्यानं तिथं येऊन ओतावी, मी माझ्या गावात फुकट शिकवायला तयार आहे, साचे पण देतो. आणि भांडीवाल्यांना सांगणं आहे की कुणी शिशाला म्हणून जुनं पातेलं मागितलं तर देऊ नका, आणि शिशाला वापरलेलं मोडीत आलं तर ते ठोके काढून परत विकू नका.

शेजारच्या त्या पातेल्याचं सांगायचं राहिलं. मी ते माझ्याकडं आणलं आणि बुडाला जाड खिळा लावून हातोड्यानं चार भोकं पाडली, म्हणजे ते परत दुधाला लागायला नको. वहिनींना वाईट वाटलं, त्यांच्या लग्नातलं होतं म्हणे. रविवारच्या बाजारातनं मी त्यांना नवीन स्टीलचं आणून दिलं. पोरगा परवा शेडात येऊन बसला होता, त्यानं विटा काठावर लावून ठेवल्या आणि तापायची वाट बघत पाऊण तास गप्प बसला. त्या पोरीचं रक्त तपासायला कुठं न्यायचं ते मी सांगून आलोय, अजून नेलं नाही, उद्या परत विचारणार आहे.

आपला,
एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली